सेन्सर ऑफ, तरी पीएलसीचा इनपुट ऑन? इनपुट कार्ड असं सुधरवा

हिंगणघाट-वणीकडच्या जिनिंगमधी हे नेहमीचंच आहे, प्रॉक्सीसमोर (धातू जवळ आला की ओळखणारा सेन्सर) लोखंड नसलं तरी पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, इनपुटचा लाइट मिणमिणत ऱ्हाते अन सगळे प्रोग्रामले शिव्या देतात. प्रोग्राम बरोबर असते भाऊ. दोन वायरवाला प्रॉक्सी ऑफ असला तरी स्वतः जिवंत ऱ्हायले थोडा करंट घेतेच, अन तो आपल्या कार्डातल्या ऑप्टोमधून (आतल्या एलईडीच्या उजेडानं सिग्नल पलीकडं देणारी आयसी) जाते. ऑप्टोच्या पलीकडं १० के (किलोओहम) चा पुलअप, म्हणजे लाइन वर ओढून धरणारा रेझिस्टन्स, ३.३ व्होल्टवर असला तं तिकडं ०.३३ मिलिअँपमधीच काम होते, म्हणून एवढीशी गळतीही पुरते.

घरी बनवलेल्या कार्डात बहुतेक एक रेझिस्टन्स अन एक पीसी ८१७ ऑप्टो, बस. आयईसी ६११३१-२ या पीएलसीच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमधला टाइप ३ इनपुट काय म्हणते ते पाहा: ५ व्होल्टच्या खाली किंवा १.५ मिलिअँपच्या खाली इनपुट ऑफच पाहिजे, अन ११ व्होल्टपासून ऑन.

तं सिरीजमधी ३.३ के लावा अन ऑप्टोच्या एलईडीले पॅरलल ५६० ओहम. १.५ मिलिअँपची गळती ५६० मधून गेली की ०.८४ व्होल्टच पडते, एलईडी पेटत नाही. ११ व्होल्टले साधारण ३ मिलिअँप येते, त्यातले २ बाजूच्या ५६० मधून जातात, १ एलईडीले भेटते. ५६० च्या जागी ६८० लावला तं हिवाळ्यात चालते, पण एलईडीचा व्होल्टेज गरमीत दर डिग्रीले दोनेक मिलिव्होल्ट उतरते, अन टिनाच्या शेडमधी मे महिन्यात बंद पॅनल किती तापते ते सांगाले नको. ऑप्टो सी ग्रेडचाच घ्या, सीटीआर (एलईडीच्या करंटच्या किती टक्के करंट पलीकडं भेटते ते) २०० ते ४०० टक्के, कारण वर्षं गेली की तो उतरतेच.

आता गरमीचं. २४ व्होल्टले एक इनपुट साधारण ०.१७ वॉट खाते, १६ चे झाले पावणेतीन, अन सप्लाय ३० वर गेला तं ३.३ के वर एकट्यावर पाव वॉट पडते, म्हणून अर्ध्या वॉटचाच लावा. नवीन बोर्ड काढतच असाल तं करंट लिमिट करणारी इनपुट आयसी बरी, अडीच मिलिअँपवर धरली तं १६ इनपुटचा एक वॉटही होत नाही. महाग आहे, पण माझं मत तिकडंच.

मृगाच्या विजांसाठी कनेक्टरजवळच एसएमबीजे ३३ सीए, म्हणजे व्होल्टेजचा झटका दाबणारा डायोड, रेझिस्टन्सच्या आधी. एलईडीले उलटा ४१४८ डायोड. ऑप्टोनंतर श्मिट ट्रिगर (डळमळता सिग्नल साफ ऑन-ऑफ करणारा गेट), अन लिमिट स्विचले सॉफ्टवेअरमधी ५ ते १० मिलिसेकंदाचा फिल्टर. एन्कोडरच्या (फिरण्याचे झपाट्यानं पल्स देणारा सेन्सर) इनपुटले हा फिल्टर नोको अन ८१७ पण नोको, तिथं फास्ट ऑप्टो लागते. व्हीएफडीच्या (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) केबलसोबत सेन्सरची वायर एकाच ट्रेमधी टाकली असन तं आधी ते वेगळं करा, कार्ड मंग.

टेस्ट बेंचवर व्हेरिएबल सप्लाय लावून करा: ५ वर ऑफ, ११ वर ऑन, मंग मीटर सिरीजमधी ठेवून १.५ मिलिअँप सोडा अन ऑफ ऱ्हाते का पाहा. हेच परत पॅनल तापल्यावर, दुपारी दोन-तीनच्या सुमारास करा.