रणगाड्यातल्या माणसासारखा वॉरगेम कसा खेळावा

टँकची झाकणं बंद झाली की जग केवढं उरतं, ते आधी समजून घ्या. ड्रायव्हरला पेरिस्कोपच्या काचेतून समोरची एक चपटी पट्टी दिसते. गनरला साईटमधून लांबचं मोठं दिसतं, पण ते वर्तुळ इतकं अरुंद असतं की वीतभर बाजूला काय चाललंय ते त्याला कळत नाही. कमांडर मान फिरवून फिरवून काचा बदलतो. इंजिनाच्या धडधडीत बाहेरचा आवाज आत पोचतच नाही, हेडसेटमध्ये येईल तेवढंच ऐकायचं. मी टी-७२ या रशियन बनावटीच्या रणगाड्यावर आधी गनर होतो, मग कमांडर झालो. आमच्यातल्या जुन्या उस्तादांची एकच रट असायची: आधी बघ, मग हल.

सैन्य सोडल्यावर मी कॉम्प्युटरवरचे वॉरगेम खेळायला लागलो आणि पहिल्याच लढाईत माझे तीन टँक रस्त्यावर जळाले. कारण सरळ होतं. गेममध्ये कॅमेरा घारीसारखा वर फिरतो. वरून पाहिलं की टेकड्या सपाट दिसतात, झाडी विरळ वाटते, रस्ता मोकळा वाटतो. जी सावधगिरी माझ्या अंगात मुरली होती, ती त्या उंचीवर गेल्याबरोबर गळून पडली. म्हणून नव्याने खेळणाऱ्याला मी पहिल्यांदा एवढंच सांगतो: कॅमेरा खाली आणा. टँकच्या टरेटमधून, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजातून, डोकं बाहेर काढलेला माणूस जमिनीपासून जेमतेम अडीच मीटरवरून बघतो, तेवढ्याच उंचीवर ठेवा. हुकूम देताना नकाशा लागला तर जरूर वर जा, पण निर्णय खाली येऊनच घ्या.

ही काही माझी शोधलेली युक्ती नाही. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झचा क्रीग्सश्पील हा युद्धखेळ आला, तेव्हाच पंच दोन्ही बाजूंना फक्त त्यांना दिसू शकेल तेवढंच दाखवायचा. बाकीचं झाकलेलं. सैनिकाला तयार करायचं तर त्याला न दिसण्याची सवय लावावी लागते, हे त्या लोकांनी तेव्हाच ओळखलं होतं.

गेम कोणता घ्यावा? तीन-चार टँकांची तुकडी चालवायला शिकायचं असेल तर ‘कॉम्बॅट मिशन’ घ्या. त्यात दोन्ही बाजू हुकूम देतात आणि मग एक मिनिट लढाई आपोआप चालते, मध्ये हात घालता येत नाही. ते एक मिनिट मला सगळ्यात खरं वाटतं. रेडिओवर हुकूम दिला की तो परत घेता येत नाही, तसंच. गनरच्या किंवा कमांडरच्या जागेवर बसून नेम धरायचा असेल तर ‘स्टील बीस्ट्स’. त्याची व्यावसायिक आवृत्ती काही देशांची सैन्यं प्रशिक्षणासाठी वापरतात. कुठलाही घेतलात तरी सुरुवात तीन टँकांनी करा. पहिल्या दिवशी अख्खी रेजिमेंट हातात घेऊन माणूस काही शिकत नाही.

आता जमीन. माझ्या मते चिलखती लढाईतला निम्म्याहून जास्त निकाल इथेच लागतो, म्हणून इथे वेळ घालवा. पहिली गोळी सुटण्याआधी मी दहा-पंधरा मिनिटं नुसता नकाशावर फिरतो. शत्रूची तोफ कुठे असू शकेल अशा तीन-चार जागा निवडतो आणि प्रत्येक जागी कॅमेरा नेऊन तिथून माझ्या वाटेकडे बघतो. वाटेचा कुठला तुकडा दिसतो, कुठला आड जातो, हे कागदावर लिहून ठेवा. जो तुकडा एकाही जागेवरून दिसत नाही, तीच तुमची वाट. ती लांबची असेल, ओढ्यातून वळसे घेत जाणारी असेल, तरी तीच.

उंचवट्याच्या माथ्यावर यायची एक पद्धत आहे. आधी टेकाडाच्या मागे इतकं खाली थांबायचं की कमांडरचं डोकं आणि दुर्बीण तेवढी वर राहील. याला टरेट डाऊन म्हणतात. इथे थांबून बघायचं, घाई करायची नाही. काही दिसलं आणि मारायचं ठरलं, तरच पुढे सरकायचं, तेही तोफेची नाळ माथ्यावरून मोकळी होईल एवढंच. टँकचं धड मातीच्या आड, टरेट बाहेर: हल डाऊन. गोळा सुटला की मागे. पुन्हा वर यायचं ते दुसऱ्या जागेवरून, निदान चाळीस-पन्नास मीटर बाजूला सरकून.

यात एक हिशेब आहे जो गेम खेळणारे सहसा करत नाहीत. टी-७२ रिव्हर्समध्ये ताशी साधारण चार किलोमीटर चालतो. म्हणजे सेकंदाला एक मीटरच्या जरा वर. वीस मीटर मागे जायला अठरा सेकंद लागतात. समोरच्या टँकचा चिलखत भेदणारा सॅबो गोळा दोन किलोमीटर अंतर सेकंद-सव्वा सेकंदात कापतो. अठरा सेकंदांत चांगला गनर दोनदा मारेल. म्हणून अशी जागा शोधायची जिथून चार-पाच मीटर मागे आलं की पूर्ण आड होता येईल. माथ्याची धार तीव्र असेल तर ते जमतं, पण मग दुसरी अडचण येते: टी-७२ ची नाळ खाली झुकते ती सहाएक अंशच. उतार जास्त असला तर नाळ आभाळाकडे रोखलेली राहते आणि खालचा शत्रू मारायला टँक आणखी वर चढवावा लागतो, म्हणजे धड उघडं. अमेरिकन एब्रम्स किंवा जर्मन लेपर्डची नाळ नऊ-दहा अंश झुकते, त्यांना असं टेकाड मानवतं. तेव्हा गेममध्ये टँक निवडताना चिलखताची जाडी बघता तसे हे दोन आकडेही बघा: मागे किती वेगाने जातो आणि नाळ किती झुकते. जागा त्यावरून ठरते.

तीन टँक एकदम हलवू नका. दोन थांबून नजर ठेवतील, एक पुढे जाईल. तो जागेवर बसला की मग मागचे. नजर ठेवणाऱ्यांना प्रत्येकी वेगळा पट्टा वाटून द्या, नाहीतर दोघंही एकाच झाडाकडे बघत बसतात आणि मारा बगलेतून येतो. गेममध्ये कव्हर आर्क, म्हणजे नेमून दिलेला पट्टा, देता येतो, तो याच कामाचा.

आधी दिसलं तर काय होतं, त्याचं मोठं उदाहरण म्हणजे आखाती युद्धातली ७३ ईस्टिंगची लढाई, २६ फेब्रुवारी १९९१. इराकच्या वाळवंटात धुळीचं वादळ, नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. कॅप्टन मॅकमास्टर यांच्या ईगल ट्रूप या अमेरिकन तुकडीचे नऊ एब्रम्स एका हलक्या उंचवट्यावर आले आणि समोर इराकी टी-७२ उभे होते. अमेरिकनांच्या उष्णता टिपणाऱ्या थर्मल साईटमध्ये ते स्पष्ट दिसले, इराकी गनरांना समोर धूळच दिसत होती. २३ मिनिटांत त्या तुकडीने समोरचा मोर्चा उद्ध्वस्त केला आणि तिचा एकही माणूस पडला नाही. मी स्वतः टी-७२ वरचा, त्यामुळे ही हकीकत वाचताना मी नेहमी त्या इराकी गनरच्या सीटवर असतो. पुढे त्या लढाईतल्या लोकांच्या मुलाखती घेऊन अमेरिकी सैन्याने ती लढाई सिमनेट या कॉम्प्युटर प्रणालीवर जशीच्या तशी उभी केली, पुढच्या सैनिकांना अभ्यासायला मिळावी म्हणून.

आणि थांबून मारण्याचं उदाहरण पाहायचं तर असल उत्तर, सप्टेंबर १९६५. खेमकरणजवळची शेतं पाणी सोडून चिखल केलेली, उभ्या उसात आपले सेंच्युरियन रणगाडे दबा धरून, मोर्चा घोड्याच्या नालासारखा. पाकिस्तानचे पॅटन त्या वेळी नवे आणि भारी मानले जात. ते आत शिरले, चिखलात रुतले आणि तीन बाजूंनी मारा झाला. जवळपास शंभर रणगाडे पाकिस्तानने गमावले. गेममध्ये बचाव करताना हेच करा: गोळी रोखून धरा. पहिला टँक दिसल्याबरोबर मारायचा मोह फार होतो. तिसरा-चौथा पट्ट्यात येऊ द्या.

दारूगोळ्याचं थोडक्यात सांगतो. टी-७२ च्या आपोआप गोळे भरणाऱ्या फिरत्या चक्रात बावीस गोळे बसतात, ते संपले की हाताने भरावं लागतं आणि त्या वेळात टँक जवळजवळ मुका असतो. गोळे मोजत खेळा. धुराचे गोळे पळून जायला ठेवा, पुढे चाल करायला उधळू नका. आणि समोर थर्मल असेल तर साध्या धुरावर विसंबू नका. गावात, दाट झाडीत टँक एकटा पाठवू नका. पायदळ पुढे, टँक मागे.

शेवटचं काम खेळ संपल्यावरचं, आणि ते टाळू नका. एका युद्धसरावात मी एकाच माथ्यावर, एकाच जागी, दुसऱ्यांदा वर आलो. पहिल्या वेळी नेम चांगला बसला होता, म्हणून तीच जागा बरी वाटली. पंचांनी माझा टँक मेला म्हणून जाहीर केला. मी हुज्जत घातली की मी हल डाऊन होतो, मी दिसणं शक्यच नव्हतं. माझे उस्ताद काही बोलले नाहीत. सराव थांबल्यावर त्यांनी मला चालत पलीकडे ‘शत्रू’च्या टँकवर नेलं, गनरच्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, बघ. माझा टँक मी आडोशाला सोडला होता तसाच उभा होता, टरेटही दिसत नव्हतं. पण गवताच्या रेषेवर दोन अँटेना उभ्या होत्या, वाऱ्यावर हलत. तो गनर म्हणाला, पहिल्या गोळ्यानंतर मी त्या काड्यांवरून नजर काढलीच नाही, त्या हलल्या की तू येणार हे ठरलेलं.

लढाई संपली की गेम शत्रूच्या सगळ्या जागा उघड करतो. ज्या तोफेने तुमचा टँक घेतला, तिच्यामागे कॅमेरा न्या, जमिनीलगत ठेवा आणि तुम्ही आलात त्या माथ्याकडे बघा.