भाताला तुसाची राख आणि उंदीरमारीचा पाला, कधी आणि किती

कोकणात आता गुरं कमी झाली त्यामुळे शेणखत पुरत नाही ही सगळ्यांचीच रड आहे, पण गिरणीमागे तुसाचा ढीग तसाच पडून असतो आणि बांधावर गिरिपुष्प (आपली उंदीरमारी) माजलेली असते, ते कोण बघतच नाही. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंतांनी चारसूत्री भातशेती सांगितली त्यातली पहिली दोन सूत्रं हीच, आणि दोन्हीला खर्च म्हणाल तर फक्त अंगमेहनत.

आधी राख. तुसाचा ढीग करून आतून पेटवा आणि धुमसू द्या, भडका उडू द्यायचा नाही. सगळं काळं झालं की लगेच पाणी मारून विझवा. पांढरी होईपर्यंत जाळलीत तर काम गेलं, कारण काळ्या राखेतली सिलिका रोपाला पटकन मिळते, पांढरीतली तशी मिळत नाही. तरव्याच्या (लावणीसाठी वाढवलेल्या भातरोपांच्या) वाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख पेरणीआधी मातीत नीट मिसळायची, नुसती वर भुरभुरून ठेवू नका, पहिल्याच पावसात वाहून जाते. सिलिकेने रोपाचा बुंधा कडक होतो, खोडकिड्याला आत शिरायला जड जातं, करपा रोगालाही रोप बरं तोंड देतं आणि तरवा काढताना मुळं कमी तुटतात. राब भाजण्यात (पेरणीआधी वाफ्याची जागा भाजण्यात) जो पालापाचोळा आणि शेण जळून जातं ते खरंतर जमिनीतच जायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पाला. लावणीच्या सातआठ दिवस आधी, पहिली चिखलणी (पाणी भरून नांगरणं) झाली की गिरिपुष्पाच्या कोवळ्या फांद्या तोडून पानांसकट खाचरात (बांध घातलेल्या भातशेतात) पसरा, गुंठ्याला साधारण 30 किलो. पाच-सहा दिवसात पानं गळून कुजायला लागतात, मग नुसत्या काटक्या उचलून चुलीला घ्या आणि शेवटची चिखलणी करून लावणी करा. इथे घाई केलीत आणि जून लाकडासकट सगळं चिखलात गाडलंत तर ते कुजायला वेळ लागतो, कुजता कुजता जमिनीतलं नत्र तेच ओढून घेतं आणि लावलेलं भात पिवळं दिसतं. पेंढ्याचंही तेच, गाडायचाच असेल तर पहिल्या नांगरटीलाच गाडा. पाला पसरल्यावर खाचराची बांधफुटी तेवढी बघा हां, पाणी वाहतं राहिलं तर सगळा कस खालच्या शेतकऱ्याच्या खाचरात.

बांधावर झाडं नसतील तर पावसाच्या सुरुवातीला हाताच्या अंगठ्याएवढ्या जाड, मीटरभर लांब फांद्या आणून खालचं टोक तिरकं कापून रोवा, साल सोलपटू देऊ नका. पहिल्या वर्षी अजिबात तोडायच्या नाहीत, दुसऱ्या पावसापासून पाला घ्या, आणि तोडताना कमरेएवढा बुंधा उभा ठेवा म्हणजे परत फुटतो.