दिवसभर खुर्ची, संध्याकाळी बारबेल : या चुका टाळा

अलकापुरीतल्या ऑफिसातून सुटायचं, स्कूटर थेट जिमसमोर लावायची आणि पाचव्या मिनिटाला साठ किलोची डेडलिफ्ट, म्हणजे वजनं लावलेला बार जमिनीवरून उचलणं. बडोद्यात नोकरी करून वजनं उचलणाऱ्यांची ही नेहमीची रीत, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. आठ-नऊ तास बसल्यावर जांघेचे स्नायू आखडलेले असतात, नितंबाचे स्नायू सुस्तावलेले असतात. मग बार जमिनीवरून उचलताना जे काम नितंबांनी करायचं, ते कंबर करते. दोष वजनाचा नसतो, त्याआधीच्या घाईचा असतो.

बारला हात लावण्याआधी दहा मिनिटं द्या. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे. मागच्या पायाकडचं नितंब आवळून कंबर किंचित पुढे न्यायची आणि अर्धा मिनिट थांबायचं. मग दुसरी बाजू. त्यानंतर पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, म्हणजे ब्रिज, पंधरा वेळा. मग नुसता वीस किलोचा बार, नंतर चाळीस, आणि मग साठ. ट्रेडमिलवर मोबाईल बघत पाच मिनिटं चालणं म्हणजे वॉर्मअप नव्हे. त्यानं अंग गरम होतं, पण जांघ मोकळी होत नाही. एवढं करूनही कंबर दुखत असेल, तर बार ठोकळ्यांवर ठेवून थोडा उंचावरून उचला. कळ गुडघ्याखाली उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर मात्र ट्रेनरला नाही, डॉक्टरांना दाखवा.

स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठक मारताना, टाच उचलली जाते? बहुधा घोटा आखडलाय. टाचांखाली छोट्या प्लेट्स ठेवून बघा. लगेच खोल बसता आलं तर निदान झालं. मग भिंतीकडे तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा सराव रोज करा. इथे आपल्याकडे एक वाद हमखास निघतो : दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात आजोबा शेकड्यानं बैठका मारायचे, त्यांचे गुडघे कसे नाही गेले? अहो, ती पिढी जेवायला, पूजेला, गप्पांना जमिनीवरच बसायची. उठबस दिवसभर चालायची, आखाड्यात फक्त आकडा वाढायचा. खुर्चीतून उठून थेट त्या आकड्याशी बरोबरी करू नका.

खांदा दुखत असेल तर आठवड्याचं वेळापत्रक काढून बघा. सोमवारी बेंच प्रेस (बाकावर झोपून बार वर ढकलणं), गुरुवारी पुन्हा बेंच प्रेस, रोइंग (वजन स्वतःकडे ओढणं) कधीतरी. कीबोर्डवर खांदे आधीच पुढे आलेले असतात. ढकलण्याच्या एका सेटमागे ओढण्याचे दोन, असं दोनेक महिने करा.

‘जिमला जातो ना, मग ऑफिसात बसलं तर काय झालं?’ होतं. 2016 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांवर लोकांची माहिती तपासली गेली. त्यात दिसलं, की आठ तासांहून जास्त बसण्यामुळे वाढलेला मृत्यूचा धोका पुसला जायला रोज 60 ते 75 मिनिटं मध्यम हालचाल लागते. आठवड्यातून तीनदा वजनं मारून, त्यातही दोन सेटच्या मधला वेळ बाकावर बसून, हा हिशेब जुळत नाही. टेबलावर दोन लिटरची बाटली ठेवणं बंद करा. छोटी ठेवा, म्हणजे भरायला उठावंच लागेल. फोन आला की उभं राहायचं.

बारवरचं वजन अडकलंय, वाढतच नाही, ही तक्रार आली की मी आधी डबा विचारतो. सत्तर किलोच्या माणसाला स्नायू वाढवायला रोज साधारण 100 ग्रॅम प्रथिनं लागतात. सकाळी सेव-उसळ, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ, गोडसर डाळ, चारला चहाबरोबर फाफडा : यात निम्मीही भरत नाहीत. वाटीभर घट्ट वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतात. 100 ग्रॅम पनीरमधून 18. कोरड्या 50 ग्रॅम सोयावड्यांतून 26. अंडं चालत असेल तर एकातून 6. घरात अंडं चालत नसेल तर सोयावड्यांना पर्याय नाही, कितीही नाकं मुरडा. आणि वही ठेवा. मागच्या वेळी किती उचललं हेच आठवत नसेल, तर अडीच किलो वाढवणार कशावर?

आपल्या गावाची म्हणून एक खास चूक आहे. नवरात्रात रात्री बारापर्यंत गरबा खेळायचा आणि सकाळी पायांचा दिवसही ठेवायचा. पोटऱ्या-घोटे त्या नऊ रात्रींत पुरेसे राबतात. स्क्वॉट निम्म्यावर आणा, वरच्या अंगाचा व्यायाम चालू ठेवा. उत्तरायणाला उलटं. दिवसभर गच्चीवर मान वर करून पतंग उडवल्यावर दुसऱ्या दिवशी डोक्यावरचा प्रेस नको, पाय करा.