आधी घरं ठरवा, मग पेरा

छोट्या शेतातला सगळा पालक एकाच आठवड्यात कापणीला आला, की शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: मिळेल त्या भावात विकायचा किंवा मातीत गाडायचा. भाजी दर आठवड्याला डब्यात भरून थेट घरोघरी द्यायची असेल, तर हिशोब उलट्या बाजूने धरा.

आधी घरं पक्की करा. सुरुवातीला २० पुरेत. हंगामाचे पैसे आगाऊ घ्या, निदान बियाणं आणि खत निघेल इतके तरी. नुसतं 'हो' म्हटलेलं घर चौथ्या आठवड्यात गळतं, पैसे भरलेलं घर सहसा टिकतं.

आता वाफा मोजा. घरटी पाव किलो पालक म्हणजे आठवड्याला ५ किलो. एका कापणीत चौरस मीटरला साधारण किलोभर पालक धरला, तर ५ चौरस मीटर लागतात. कीड, उगवणीतली तूट आणि खराब पानं धरून साडेसहा पेरा. पालकाला ४० ते ४५ दिवस, गाजराला ७० ते ९०, रोप लावल्यापासून टोमॅटोला ६० ते ८० दिवस लागतात. डबा सुरू होण्याच्या तारखेतून हे दिवस वजा केले की पेरणीची तारीख निघते.

पुढच्या पेरण्यांत मात्र बरेच जण फसतात. दर आठ दिवसांनी पेरलं म्हणजे दर आठ दिवसांनी काढणी येईलच, असं नाही. हवा थंड होत जाते आणि दिवस लहान होतात, तसं पीक मागे पडतं. मग दोन वाफ्यांत आठ दिवसांऐवजी पंधरा दिवसांचं अंतर पडतं आणि मधला डबा रिकामा राहतो. ऊन वाढतं तेव्हा उलट होतं: उशिरा पेरलेलं आधीच्याला गाठतं. म्हणून कॅलेंडरपेक्षा वाफ्याकडे बघा. आधीच्या पेरणीला पहिलं खरं पान (उगवताना दिसणाऱ्या बीजदलांनंतरचं) फुटलं, की पुढची करा.

वाफा रिकामा झाला की दोन बोटं जाडीचं कंपोस्ट पसरा. त्याचा ढीग लांबी, रुंदी, उंचीला किमान एक मीटर हवा; त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. आतली उष्णता ५५ अंशांच्या वर गेली की तणाचं बहुतेक बी मरतं. पिळलेल्या फडक्याइतकी ओल पुरे. अमोनियाचा उग्र वास आला तर वाळका पाला घाला. कुजका वास आला तर पाणी जास्त झालंय, ढीग पलटा. कच्चं शेणखत घातलं असेल, तर मातीला टेकणारी भाजी काढेपर्यंत किमान १२० दिवस जाऊ द्या. त्याच वाफ्यात तेच पीक लागोपाठ नको.

तोडणी उजाडताच करा. उन्हात तापलेलं पान तोडल्यावरही आतून तापत राहतं आणि संध्याकाळपर्यंत मान टाकतं. तोडल्याबरोबर पिण्यालायक गार पाण्यात बुडवा, नीट निथळा, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा. टोमॅटो शक्यतो कोरडेच पुसा. गरम टोमॅटो गार पाण्यात पडला, की आतली हवा आकसते आणि देठाच्या जागेतून पाणी आत ओढलं जातं. त्याबरोबर जंतूही शिरतात. धुवायचेच असतील, तर पाणी टोमॅटोपेक्षा पाचेक अंश कोमट ठेवा.

डब्यात जड माल खाली, पानं वर. पिकलेला टोमॅटो आणि पालक रात्रभर एकत्र ठेवू नका. टोमॅटोतून सुटणाऱ्या एथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. एखादं पीक हुकलं तर घरांना दोन दिवस आधी कळवा, बदल्यात काय मिळणार तेही सांगा. लोक कमी भाजी समजून घेतात. न सांगता कमी केलेली खटकते.

एक वही ठेवा: पेरणीची तारीख, पहिली काढणी, वजन, उरलेला माल. शिवाय दर महिन्याला घरांना एकच प्रश्न विचारा: डब्यातलं काय वाया गेलं? चार-पाच घरांनी मुळा म्हटलं, तर पुढची मुळ्याची ओळ निम्मी करा आणि त्या जागी ते जे संपवतात ते लावा.