औषध प्यालेल्या माणसासाठी १०८ ला फोन करताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मी नऊ वर्षं १०८ ॲम्ब्युलन्सवर ईएमटी, म्हणजे गाडीत पेशंटला सांभाळणारा, होतो. "औषध घेतलंय" एवढंच सांगितलं तर पलीकडचा माणूस गोळ्या समजू शकतो. "फवारणीचं औषध प्यालेत" असं स्पष्ट म्हणा. कन्नड बोलणारा असेल तर "विष कुडिदारे". श्वास चालू असेल तर "उसिरु इदे", शुद्ध नसेल तर "एच्चर इल्ल". एवढं घरातल्या सगळ्यांना पाठ असू दे.

पत्ता सांगताना आधी राज्य सांगा. १०८ कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांत आहे, आणि निपाणीकडं किंवा चंदगडला लागून असलेल्या गावांत फोन पलीकडच्या कंट्रोल रूमला लागू शकतो. म्हणून "कर्नाटक, बेळगाव जिल्हा", मग तालुका, गाव, देऊळ किंवा शाळेची खूण. एकाला फाट्यावर उभं करा. एका पावसाळी रात्री जांबोटीच्या पुढं एक पोरगा आईची लाल साडी हलवत उभा होता, म्हणून आम्ही वळलो. नाहीतर सरळ कणकुंबीला गेलो असतो.

गाडी येईपर्यंत उलटी करवू नका. मिठाचं पाणी, ताक, तेल काहीही पाजू नका. ते फुफ्फुसात गेलं तर विषापेक्षा लवकर घात होतो. डाव्या कुशीवर झोपवा, तोंड पुसत राहा. हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून भिजलेले कपडे काढा, अंग साबणपाण्यानं धुवा. बाटली फेकू नका, डॉक्टरांना लेबल लागतं. श्वास थांबला तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबा, पण तोंडानं श्वास देऊ नका. फास घेतलेला दिसला तर पोलिसांची वाट बघू नका. खालून उचलून धरा, गळा मोकळा करा, श्वास बघा.

उलटी झाल्यावर माणूस "आता बरं वाटतंय" म्हणतो. तरीही न्यायचंच. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका. वाटेत शुद्ध गेली की मान पडते, श्वास कोंडतो. जीप मिळाली तर कंट्रोल रूमला रस्ता सांगून निघा, ॲम्ब्युलन्स वाटेत भेटू शकते.

पोलिसांच्या भीतीनं "चुकून प्याला" असं सांगणारे मी फार पाहिले. खोट्यामुळं उपचार चुकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आहे, त्याला शिक्षा नाही. दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद होते, ती नेहमीची गोष्ट. एका दवाखान्यानं आमच्या पेशंटला आधी पोलिसांचा कागद मागितला होता. तसं झालं तर ठामपणे सांगा, उपचार आधी. सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच हे बजावलंय.

घरी आणल्यावर "का केलंस" म्हणून धारेवर धरू नका. जवळ बसा, जेवायला वाढा. फवारणीची औषधं कुलपात टाका, किल्ली शेजाऱ्याकडं द्या, रात्री कुणीतरी सोबत झोपा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो. तुमच्याच मनात असं काही येत असेल तर आजच लावा.