वृद्धाश्रमात आपल्या माणसाची हेळसांड होत असल्याची शंका आल्यास काय करावे

वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात राहणारे ज्येष्ठ सहसा तक्रार करीत नाहीत, कारण ज्यांच्या हातून जेवायचे आणि ज्यांनी कूस बदलून द्यायची, त्यांच्याविरुद्ध बोलायला त्यांना भीती वाटते. त्यामुळे पाहण्याची आणि विचारण्याची जबाबदारी भेटीला जाणाऱ्यावर येते.

भेटीची वेळ ठरलेली ठेवू नये. रविवारी सकाळी सगळेच आवरून बसलेले असतात. मधल्या वारी जेवणाच्या किंवा दिवेलागणीच्या वेळी गेल्यास रोजचा कारभार दिसतो. अशा भेटीला नेहमीच आडकाठी होत असेल, तर तीही एक खूण समजावी.

गेल्यावर आपल्या माणसाच्या संमतीने, आडोसा करून, टाचा, माकडहाड आणि खुबे पाहावेत. लाल झालेली जागा दाबून सोडल्यावरही फिकी पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची (एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात असू शकते; सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, तेथे जागा काळसर दिसते आणि हाताला गरम किंवा कडक लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, म्हणून त्याची नोंदवही दाखवण्यास सांगावे. दंडावर बोटांच्या आकाराचे वळ, मनगटावर बांधल्याच्या खुणा, कोरडी जीभ, भर दुपारी न उतरणारी गुंगी यांचीही दखल घ्यावी. गुंगी असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी आणि प्रत्यक्ष दिल्या जाणाऱ्या गोळ्या ताडून पाहाव्यात. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना मात्र किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात. आरोप करण्याआधी डॉक्टरांचे मत घेणे न्यायाचे आहे.

त्यानंतर कर्मचारी जवळ नसताना बोलावे. “तुला कोणी मारतं का?” असे विचारल्यास बहुधा “नाही” हेच उत्तर मिळते. “आई, रात्री उठायचं झालं तर कोण येतं?” या प्रश्नातून अधिक कळते. “कोणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ऐकलेले शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहून ठेवावेत. जखमांची छायाचित्रे संमतीने काढावीत.

जिवाला धोका किंवा मारहाण असल्यास थांबू नये. 112 वर कळवून त्याच दिवशी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. अन्य बाबतीत व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर परतू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. पुढील मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. व्यक्ती दिव्यांग असल्यास 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना छळाची माहिती देऊ शकतो.

अन्याय करणारे कधी घरचेही असतात. पेन्शनचे पासबुक कोणाकडे आहे आणि अंगठा कशावर घेतला, हे अवश्य विचारावे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार न्यायाधिकरणाकडून परत मागता येते.

आपल्या माणसाला दुसरीकडे हलवण्याचा निर्णय त्यांना विचारूनच घ्यावा. तेथील मैत्रीण किंवा खिडकीजवळची खाट सोडणे त्यांना जड जाऊ शकते. आपले माणूस तेथेच राहणार असेल, तर तक्रारीनंतरच्या दिवसांत भेटी वाढवाव्यात, कारण राग काढला जाण्याची भीती तेव्हाच सर्वाधिक असते.