बी.व्होक. रिटेलला प्रवेश घेताय? आधी करार बघायला मागा

बारावीनंतर मी बी.व्होक., म्हणजे बॅचलर ऑफ व्होकेशन, रिटेल मॅनेजमेंट घेतलं तेव्हा काका म्हणाले, "गल्ल्यावर बसायला डिग्री लागते होय रे?" त्यांचं स्वतःचं किराणा दुकान, त्यामुळे मला उत्तर सुचेना.

या पदवीत 60 टक्के भाग कौशल्याचा आणि 40 टक्के नेहमीच्या विषयांचा. एका वर्षानंतर थांबलात तर डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तिसऱ्या वर्षी पदवी. ते 60 टक्के काही फळ्यावर शिकवून होत नाहीत. म्हणून कॉलेज एखाद्या रिटेल कंपनीशी करार करतं आणि मुलं स्टोअरला जातात. खरी गोम त्या करारात असते.

माझ्या पहिल्या स्टोअरमध्ये चार महिने मी ट्रॉल्या गोळा केल्या आणि पिशव्या भरल्या. लॉगबुकात, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, मात्र इनवर्ड (आलेला माल उतरवून घेणं), कॅश, डिस्प्ले असे सगळे रकाने सह्यांनिशी भरलेले! दिवाळी आटोपली, आमची गरजही आटोपली. कॉलेजचे सर एकदा पाहणीला आले, चहा घेऊन गेले.

दुसऱ्या स्टोअरच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी मागे गोदामात पाठवलं. गाडी आली की खोकी मोजायची, बिलाशी ताडायची, एक्स्पायरी बघायची. जून 2023 मध्ये त्यांनी मला साबुदाण्याची ऑर्डर तपासायला दिली. सिस्टिमने गेल्या वर्षीचा तोच आठवडा बघून मोजक्या गोण्या सुचवल्या होत्या. पण 2022 ची आषाढी 10 जुलैला होती, 2023 ची 29 जूनला. संगणकाला तिथी कुठे कळते? मॅडमनी आकडा वाढवला, शेंगदाणे आणि वरीही वाढवली. एकादशीच्या आदल्या संध्याकाळी रॅकवर तळाची चार पाकिटं उरली होती. रिटेल म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "एवढंच? कालनिर्णय बघायचं."

तेव्हा प्रवेशाआधी विचारा: किती महिने कुठल्या विभागात ठेवणार, लॉगबुकावर सही कोण करणार, रिटेलच्या स्किल कौन्सिलची, म्हणजे रास्कीची, परीक्षा होणार का. आणि हे काम इंटर्नशिप आहे की अप्रेंटिसशिप? कॉलेजात दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात. अप्रेंटिसशिप 1961 च्या कायद्याखाली येते. तिचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो आणि स्टायपेंड द्यावाच लागतो. इंटर्नशिपला तसं बंधन नाही, काही ठिकाणी जाण्यायेण्याचे पैसेसुद्धा मिळत नाहीत. मागच्या बॅचच्या दोन मुलांना गाठून विचारलंत तर हे सगळं दहा मिनिटांत कळेल, माहितीपत्रकात सापडणार नाही.

पाय दुखतात, पहिले दोन आठवडे फारच. बूट चांगले घ्या. शनिवार-रविवार तर विसराच. माझी सुट्टी मंगळवारी असते, त्यामुळे गेल्या तीन वर्षांत मित्रांपैकी एकाच्याच लग्नाला पोचलो, तेही जेवणाच्या शेवटच्या पंगतीला.